‘गो पोस्टल’: एका ओळीच्या मेसेजचं प्रकरण

हे प्रकरण पुण्यातल्या एका आयटी सेवा कंपनीतलं आहे. कंपनी, क्लायंट आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून कामाचं स्वरूप आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि लोकांनी घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. इंग्रजीत व्यावसायिक लेखन शिकवण्याचं काम मी करतो. सगळं निस्तरल्यावर कंपनीने मला संबंधितांशी बोलून टिपण करायला सांगितलं, त्यातून हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

हिंजवडीतली टीम लहान होती. क्लायंट कॅलिफोर्नियातला, सॅन होजेच्या जवळचा. जुन्या सिस्टीममधला डेटा नव्यात हलवायचा होता आणि 2024 च्या ऑक्टोबरात, दसऱ्यानंतरच्या एका शनिवार-रविवारी गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष सुरू करणं, ठरलं होतं. त्यासाठी पुण्याहून एकच माणूस तिकडे जाणार होता: टीमचा डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा.

डीबीए चाळिशीतला, मूळचा सोलापूरचा. आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. टीम लीड त्याच्याहून सहा-सात वर्षांनी लहान आणि त्याला ‘दादा’ म्हणायचा. लीडचं इंग्रजी टीममध्ये सगळ्यात सफाईदार. आधी काही वर्षं त्याने टेक्ससमधल्या एका क्लायंटबरोबर रोज रात्री कॉल केले होते आणि तिथल्या लोकांची बोलण्याची ढब उचलली होती. कंपनीत याचं कौतुकच होतं. ‘अमेरिकन लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलतो’ असं त्याच्या अप्रेझलमध्येसुद्धा लिहिलेलं मी पाहिलं.

‘गो पोस्टल’ हा शब्दप्रयोगही त्याने तिथूनच घेतला. टेक्ससचा मॅनेजर वैतागला की स्वतःबद्दल म्हणायचा, ‘आय ॲम अबाउट टू गो पोस्टल.’ सगळे हसायचे. लीडने अर्थ लावला तो संदर्भावरून: डोकं फिरणं, संताप अनावर होणं. अर्थ म्हणून तो बरोबरच होता.

मेसेज

रिक्वायरमेंट फ्रीझ झाल्यावरही, म्हणजे काय हवं ते पक्कं करून पुढचे बदल बंद करायचं ठरल्यावरही, क्लायंटकडून रिपोर्टचे रकाने बदलत होते. प्रत्येक बदलागणिक डीबीएला मायग्रेशनची, म्हणजे डेटा हलवण्याची, स्क्रिप्ट नव्याने लिहून, पुन्हा पूर्ण डेटावर चालवून बघावी लागे. नवरात्रातल्या एका संध्याकाळी पँट्रीत चहा घेताना तो लीडला म्हणाला, “आता अजून एक बदल आला ना, तर माझं डोकं फिरणार आहे बघ.” लीड म्हणाला, “दादा, मी बोलतो त्यांच्याशी.”

रात्री साडेनऊच्या सुमाराला, म्हणजे तिकडे सकाळी नऊला, क्लायंटच्या प्रॉडक्ट मॅनेजरने दोघांच्या सामाईक चॅट चॅनलवर आणखी एक बदल टाकला. लीडने उत्तर लिहिलं: ‘वन मोअर चेंज अँड अवर डीबीए विल गो पोस्टल. ही लँड्स देअर नेक्स्ट वीक, सो प्लीज बी नाइस.’ पुढे हसरा चेहरा. म्हणजे, आणखी एक बदल आला तर आमचा डीबीए ‘गो पोस्टल’ करेल; तो पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय, तेव्हा जरा गोड वागा.

दुसरं वाक्य नसतं तर हे प्रकरण झालंच नसतं, असं मला वाटतं. पहिलं वाक्य फार तर कुणाला खटकलं असतं. दुसऱ्याने त्याला माणूस, ठिकाण आणि दिवस जोडून दिला.

हा प्रयोग आला कुठून

20 ऑगस्ट 1986 रोजी ओक्लाहोमा राज्यातल्या एडमंड गावच्या पोस्टात तिथल्याच एका अर्धवेळ पत्रवाटप कर्मचाऱ्याने 14 सहकाऱ्यांना गोळ्या घालून ठार केलं आणि मग स्वतःला संपवलं. पुढच्या काही वर्षांत अमेरिकी टपाल खात्यात असे आणखी प्रकार घडले. 1991 मध्ये न्यू जर्सीत आणि मिशिगनमध्ये. 6 मे 1993 ला तर एकाच दिवशी मिशिगनमधल्या डिअरबॉर्नमध्ये आणि कॅलिफोर्नियातल्या डेना पॉइंटमध्ये. त्याच वर्षीच्या डिसेंबरात फ्लोरिडातल्या एका दैनिकात ‘गोइंग पोस्टल’ हे शब्द छापून आले. छापील वापराचा सर्वांत जुना दाखला म्हणून तोच दिला जातो. गंमत अशी की ती बातमी कामाच्या जागेवरच्या हिंसाचारावर टपाल खात्यानेच पुरस्कृत केलेल्या परिसंवादाची होती.

टपाल खात्याला हा प्रयोग अर्थातच कधी आवडला नाही. 2000 साली एका स्वतंत्र आयोगाने अहवाल दिला, त्यात कामाच्या जागी खून होण्याचा धोका टपाल कर्मचाऱ्याला देशातल्या सरासरी नोकरदाराच्या साधारण एक तृतीयांशच आहे असं निघालं. तोवर बिरूद चिकटून गेलं होतं.

आपल्याकडे पोस्ट म्हटलं की खाकी कपडे, मनीऑर्डर आणि दिवाळीची पोस्त. त्या शब्दात धास्ती वाटावी असं काही नाही. त्यामुळे लीडला तो अर्थ माहीत नसणं समजण्यासारखं आहे. त्यात आपली स्वतःची बोली काही फार सोवळी नाही. ‘तंगडं मोडीन’, ‘जीव घेईन तुझा’ हे आपण पोटच्या पोरांना म्हणतो आणि पाच मिनिटांनी जेवायला वाढतो.

क्लायंटकडे काय झालं

प्रॉडक्ट मॅनेजरला लीडला काय म्हणायचं होतं ते कळलं होतं. तिने हे पुढे अकाउंट मॅनेजरला स्पष्ट सांगितलं. तरीही तिने स्क्रीनशॉट काढला आणि तासाभरात तो एचआरकडे पाठवला.

तिची बाजू समजून घ्यायची तर दोन गोष्टी माहीत हव्यात. 26 मे 2021 रोजी सॅन होजेमधल्या लाइट रेलच्या यार्डात एका कर्मचाऱ्याने नऊ सहकाऱ्यांना मारलं. क्लायंटचं ऑफिस तिथून गाडीने अर्ध्या तासावर. त्या घटनेनंतर सॅन होजेच्याच राज्य सिनेटरने आणलेला कायदा 1 जुलै 2024 पासून कॅलिफोर्नियात लागू झाला. त्यानुसार जवळपास प्रत्येक मालकाला कामाच्या जागेवरचा हिंसाचार टाळण्याचा लेखी आराखडा ठेवावा लागतो, कर्मचाऱ्यांना दरवर्षी प्रशिक्षण द्यावं लागतं, तक्रारींची चौकशी करावी लागते आणि घटनांची नोंदवही पाच वर्षं जपावी लागते. धमकीच्या व्याख्येत चॅट आणि ईमेलही येतात. लिहिणाऱ्याचा हेतू काय होता एवढ्यावर भागत नाही. वाचणाऱ्याला तो वाजवीपणे काय वाटेल, हेही पाहिलं जातं.

म्हणजे आपला मेसेज कायदा लागू झाल्यावर तीनच महिन्यांनी तिथे पोचला. तिचं प्रशिक्षण ताजं होतं आणि त्यात सांगितलं होतं की शंका आली तर स्वतः तपास करत बसू नका, कळवा. तिने लीडला आधी एक ओळ लिहून ‘म्हणजे काय?’ विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आपल्या बाजूच्या सगळ्यांचं मत पडलं. मला ते पटत नाही. ‘मला वाटलं चेष्टा आहे’ हे वाक्य पुढे काही विपरीत घडल्यावर म्हणायची वेळ येऊ नये, म्हणूनच ते नियम केलेले आहेत.

पहिला निर्णय: मेसेज बदलणं

इकडे पुण्यात, मेसेज गेल्यावर काही मिनिटांतच टीममधल्या टेस्टरने लीडला खासगीत लिहिलं, “अरे हे काय लिहिलंयस? गूगल कर जरा. काढ ते आधी.” त्याने गूगल केलं, घाम फुटला आणि त्याने मेसेज एडिट केला. ‘गो पोस्टल’च्या जागी ‘बी व्हेरी अपसेट’. शेजारी ‘एडिटेड’ असा शिक्का उमटला.

स्क्रीनशॉट त्याआधीच निघाला होता. आता क्लायंटच्या सिक्युरिटीकडे एकाच मेसेजची दोन रूपं होती आणि पहिलं बदलण्याची घाई कुणाला तरी झाली होती, हेही दिसत होतं. नंतरच्या चौकशीत त्यांचा पहिला प्रश्न वाक्याबद्दल नव्हता, ‘हे बदललं का?’ हा होता.

त्याने मूळ ओळ तशीच ठेवून खाली लिहायला हवं होतं की हा शब्द चुकीचा वापरला, डीबीए कामाने थकलाय एवढंच म्हणायचं होतं, या शब्दामागचा इतिहास मला आत्ता कळला. वेळ आणि क्रम दोन्ही त्याच्या बाजूने बोलले असते. पण रात्री दहाला, एकट्याने, मोबाइलवर घेतलेला तो निर्णय होता आणि ‘चुकलं की खोडायचं’ ही आपली शाळेपासूनची सवय.

पुढ्यात असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी सकाळी अकाउंट मॅनेजरला क्लायंटची ईमेल मिळाली. मजकूर कोरडा होता: एका संदेशाची चौकशी सुरू आहे, तोवर डीबीएच्या प्रवेशपत्राची प्रक्रिया थांबवली आहे, आपलं म्हणणं कळवावं. तातडीची बैठक झाली. लीड, डिलिव्हरी हेड, एचआर, कायदेशीर सल्लागार. डीबीएला बोलावलं नाही.

डिलिव्हरी हेडचं म्हणणं होतं की माणूसच बदला, दुसऱ्याला पाठवा. ऐकायला सोपं. पण बिझनेस व्हिसा फक्त डीबीएकडे होता. मुंबईच्या कॉन्सुलेटची मुलाखतीची तारीख आठवड्याभरात मिळत नाही हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. शिवाय स्क्रिप्ट त्याच्या डोक्यात. या व्यावहारिक अडचणींमुळे हा पर्याय मागे पडला. आणखी एक कारण होतं, ते बैठकीत फक्त एचआरने मांडलं: त्याला काढून दुसरा पाठवला तर आपणही त्याच्यावर संशय घेतो असं होईल. हे कारण पहिलं असायला हवं होतं.

दुसरा पर्याय लीडला अकाउंटवरून काढून माफीनामा पाठवायचा. त्याने प्रश्न मिटल्यासारखा दिसला असता, पण वाक्याचा अर्थ सांगू शकणारा एकमेव माणूस त्यात बाहेर गेला असता.

तिसरा होता तो कायदेशीर सल्लागाराचा मसुदा. त्यात एक वाक्य होतं, ‘हा प्रचलित व निरुपद्रवी वाक्प्रचार असून सर्रास वापरला जातो.’ शब्दकोशाची लिंकही जोडली होती. अकाउंट मॅनेजर बरीच वर्षं त्या भागात राहून आलेली. तिने मसुदा वाचून विचारलं, “हे तुम्ही सॅन होजेच्या माणसांना सांगणार? निरुपद्रवी आहे म्हणून?” ते वाक्य गेलं, लिंकही गेली.

उरला तो चौथा मार्ग. कोण काय म्हणालं, ते साध्या इंग्रजीत, वाक्प्रचाराविना सांगायचं आणि चौकशीला सामोरं जायचं.

ज्याच्याबद्दल लिहिलं तो

डीबीएला सांगायचं की नाही, यावर बैठकीत पाचेक मिनिटंसुद्धा बोलणं झालं नाही. ‘आधी आपण मिटवू, उगाच त्याला टेन्शन नको’ असं ठरलं. या प्रकरणातला सगळ्यात वाईट निर्णय मी हा मानतो, मेसेजपेक्षाही.

त्याला कळलं ते दुसऱ्याच दिवशी, ट्रॅव्हल डेस्कवरून. हॉटेलचं बुकिंग पक्कं करायला गेला तर तिथल्या मुलाने सांगितलं, “सर, तुमचं क्लायंटकडून होल्डवर आहे, सिक्युरिटीचं काहीतरी आहे.” तोवर टीममधल्या निम्म्या लोकांना माहीत होतं.

तो थेट लीडच्या जागेवर गेला. आजूबाजूच्यांना वाटलं आता भडका उडणार. तो खुर्ची ओढून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “मी तुला काय म्हणालो होतो, ते सांग.” लीडने सांगितलं. “आणि तू काय लिहिलंस, ते दाखव.” लीडने मोबाइल पुढे केला.

माझ्याशी बोलताना डीबीएने जे सांगितलं त्याने प्रकरणाची खरी अडचण माझ्या ध्यानात आली. तो म्हणाला, “मला एवढा राग आला होता की विचारू नका. आणि त्याच क्षणी लक्षात आलं की आता मला राग येऊन चालणार नाही. टेबलावर हात जरी आपटला असता, तरी लोक म्हणाले असते, बघा, लीड बरोबर बोलत होता.” ज्याच्यावर तोल जाण्याचा शिक्का बसलाय त्याला साधं चिडण्याचीही सोय उरत नाही. पुढचे काही दिवस ऑफिसात तो अतिशय गोड वागत होता आणि घरी बायकोवर खेकसत होता, हेही त्यानेच सांगितलं.

काय केलं

क्लायंटला पाठवलेलं पत्र लीडच्या नावाने गेलं आणि अर्ध्या पानात संपलं. त्याचा आशय असा: ते वाक्य माझं आहे, माझ्या सहकाऱ्याने ते म्हटलेलं नाही. तो मराठीत एवढंच म्हणाला की बदल थांबले नाहीत तर तो हैराण होईल. मी त्यासाठी निवडलेल्या शब्दांमागे काय घडलेलं आहे ते मला माहीत नव्हतं. कळल्यावर मी घाईने मेसेज बदलला. तो लपवण्यासाठी नव्हता, पण तसा दिसला हे मी समजू शकतो. मूळ मजकूर सोबत जोडला आहे.

‘सहकाऱ्याने ते म्हटलेलं नाही’ हे वाक्य एचआरच्या आग्रहाने पहिल्या परिच्छेदात आलं. आधीच्या मसुद्यात ते शेवटी होतं.

क्लायंटने डीबीएशी व्हिडिओ कॉल मागितला. त्यांच्याकडून एचआर आणि सिक्युरिटीचे दोघे, इकडून तो आणि आपली एचआर. कॉलच्या आधी त्याला कुणी पढवायचं का, यावर पुन्हा दोन मतं. डिलिव्हरी हेडला वाटत होतं की ‘मी अजिबात चिडलेलो नव्हतो’ एवढंच सांगावं. एचआरने त्याच्यावरच सोडलं. विचारल्यावर तो म्हणाला की हो, वैताग आला होता, एकच काम तीनदा केलं तर कुणालाही येईल. त्याने कोणकोणते बदल कधी आले त्याची यादी स्क्रीनवर दाखवली. सिक्युरिटीच्या माणसाने यादी पाहून म्हटलं की मलाही आला असता. कॉल अर्ध्या तासाच्या आत संपला.

निष्पत्ती

दोन दिवसांनी प्रवेशपत्र मंजूर झालं. क्लायंटने धोका नसल्याचं लेखी कळवलं. त्यांच्या नोंदवहीत काय लिहिलं गेलं ते आपल्याला दाखवलं गेलं नाही. विमानाचं तिकीट पुढे ढकलावं लागलं, भाड्यातला फरक कंपनीने सोसला आणि गो-लाइव्ह एक आठवडा लांबलं. मधल्या काळात एक अनपेक्षित गोष्ट झाली: डीबीएने दाखवलेली यादी क्लायंटच्या वरिष्ठांपर्यंत गेली आणि फ्रीझनंतरचे बदल खरोखर थांबले. जे लीडला चेष्टेतून साधायचं होतं ते तारखांच्या रकान्याने साधलं.

लीड अकाउंटवर राहिला. डीबीए काम उरकून परत आला आणि पुढच्या फेरीत त्याने दुसरा प्रोजेक्ट मागून घेतला. दोघं बोलतात, पण ‘दादा’ गेलं. आता नावाने हाक मारतो.

वेगळं काय करता आलं असतं

एडिट करण्याऐवजी खाली खुलासा आणि डीबीएला पहिल्या तासात सांगणं, हे दोन बदल मी वर मांडलेच. तिसरा कंपनीच्या नंतरच्या उपायाबद्दल आहे. एचआरने राग-संतापाच्या इंग्रजी वाक्प्रचारांची बंदी-यादी काढायला घेतली आणि मला तपासायला दिली. ‘लूज युअर कूल’, ‘फ्लाय ऑफ द हँडल’, ‘गो बॅलिस्टिक’, ‘मेल्टडाउन’, सगळे एका रांगेत.

मी ती परत पाठवली. यातलं सगळं एका तोलाचं नाही. ‘फ्लाय ऑफ द हँडल’मागे दांड्यावरून निसटलेलं कुऱ्हाडीचं पातं आहे, पण आज ते कुणाला दिसत नाही, बिनधास्त वापरा. ‘बॅलिस्टिक’ क्षेपणास्त्रावरून आलेलं असलं तरी ऑफिसात खपून जातं. ‘मेल्टडाउन’ अणुभट्टीवरून आलं. स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी आणि अशा प्रौढांसाठी मात्र तो एका खऱ्या, शरीर-मन थकवणाऱ्या अवस्थेचा शब्द आहे. सहकाऱ्याच्या चिडचिडीला तो लावू नये. ‘गो पोस्टल’ अमेरिकेतल्या कामाच्या ठिकाणी लिहूच नये. आणि बंदी घालून भागणार नाही, कारण यादीत नसलेला पुढचा शब्द कुणीतरी पुढच्या कॉलवर उचलणारच.

त्याऐवजी मी दोन प्रश्न सुचवले. हे मी माझ्याबद्दल म्हणतोय की दुसऱ्याबद्दल? टेक्ससचा मॅनेजर स्वतःबद्दल, तोंडाने, ओळखीच्या माणसांत म्हणायचा. लीडने दुसऱ्याबद्दल, लेखी, परक्या कंपनीच्या चॅनलवर म्हटलं. आणि हेच मला आकड्यात किंवा तारखेत सांगता येईल का? फ्रीझनंतर चौथा बदल, प्रत्येकामागे दोन दिवस. एवढं लिहिलं की समोरच्याला डीबीएच्या मनःस्थितीचा अंदाज आपसूक येतो.

कंपनीने यादी मागे घेतली नाही. ती इंट्रानेटवर आहे. माझे दोन प्रश्न तिच्याखाली, लहान टायपात, टीप म्हणून छापले आहेत. क्लायंटच्या चॅनलवर मात्र टीमने आपणहून एक पद्धत सुरू केली: फ्रीझनंतरचा प्रत्येक बदल एका पिन केलेल्या यादीत चढवायचा, तारीख आणि लागणारे तास लिहून. ती यादी ठेवण्याचं काम लीडने मागून घेतलं.